ई-पुस्तकाचे यंत्र कोणाच्या आज्ञेत चालते?
वाचनयंत्रातील ऑपरेटिंग सिस्टीमची निवड हा तांत्रिक कमी आणि व्यापारी निर्णय अधिक असतो. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय?

खास प्रतिनिधी

परभणी : ज्यांचे नाव परभणीशी कायमचे जोडले गेले आहे, त्या कवी-कथाकार बी. रघुनाथ यांचे निधन ७ सप्टेंबर १९५३ रोजी झाले. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या साहित्याचे हक्क वारसांकडे राहतात. ही मुदत २०१३ च्या अखेरीस संपली आणि १ जानेवारी २०१४ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी खुले झाले. म्हणजेच 'आलाप आणि विलाप' हा त्यांचा कवितासंग्रह आज कोणीही टंकित करून, त्याचे ई-पुस्तक बनवून, सोनपेठच्या किंवा पालमच्या वाचकाला विनामूल्य देऊ शकतो. कायद्याची आडकाठी नाही, कागदाचा आणि छपाईचा खर्च नाही.

असे असले तरी ते पुस्तक वाचकाच्या हातातील यंत्रावर उघडेल का, त्यातील जोडाक्षरे शाबूत उमटतील का आणि पाच वर्षांनी ते तेथेच सापडेल का, हे ठरवणारा एक घटक उरतोच. तो म्हणजे त्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम. ती निवडणारी कंपनी वाचकाच्या सोयीपेक्षा स्वतःच्या हिशेबाचा विचार आधी करते. हा हिशेब समजून घेतला तर यंत्र विकत घेताना किंवा पुस्तक प्रसिद्ध करताना होणारी फसगत टळू शकते.

पाया आणि दरवाजा

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा पडदा, बॅटरी, साठवण आणि त्यावर चालणारी ॲप्स या सर्वांवर देखरेख करणारी मूळ आज्ञावली. घरातील संगणकावर बहुधा विंडोज असते, बहुतेक मोबाइल फोनवर अँड्रॉइड. ई-पुस्तकांच्या यंत्रांत मात्र प्रामुख्याने दोन वाटा दिसतात. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या पायावर कंपनीने स्वतःची बंदिस्त व्यवस्था उभारणे, ही पहिली वाट. गुगलचे तयार अँड्रॉइड घेऊन त्यात बदल करणे, ही दुसरी.

लिनक्स काय किंवा अँड्रॉइडचा मूळ भाग काय, दोन्ही विनाशुल्क मिळतात. त्यामुळे कंपनीसमोरचा खरा प्रश्न परवान्याच्या किमतीचा नसतो. यंत्रात पुस्तक कोणत्या दाराने येणार आणि त्या दारावर कोण बसणार, हा तो प्रश्न असतो.

या यंत्रांचा पडदाही वेगळा असतो. ई-इंक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पडद्यात सूक्ष्म कोशांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात. विजेच्या स्पंदनाने ते वर-खाली होतात आणि अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकवण्यासाठी वीज लागत नाही; ती लागते पान उलटताना. म्हणूनच एकदा भारित केलेले यंत्र आठवडे न् आठवडे चालते. अशा पडद्याला चित्रपट, खेळ किंवा झरझर सरकणारी पाने मानवत नाहीत. सतत काही ना काही करत राहणाऱ्या भरगच्च प्रणालीपेक्षा कमी स्मृतीत चालणारी आणि बराच वेळ स्वस्थ बसणारी आटोपशीर प्रणाली त्याला सोयीची पडते. लिनक्सच्या बाजूचे हे तांत्रिक कारण खरे आहे. व्यापारी कारण त्याहून मोठे आहे.

कमाई यंत्रात नव्हे, पुस्तकात

सोनी कंपनीने २००४ मध्ये जपानमध्ये 'लिब्रिए' हे ई-इंक पडद्याचे यंत्र बाजारात आणले. त्याचा पाया लिनक्सचा होता आणि पडदा त्या काळी नवलाचा. परंतु त्यासाठी घेतलेले पुस्तक ६० दिवसांनी आपोआप बंद पडे. ग्रंथालयातून आणलेले पुस्तक परत करावे, तशी ही विक्री होती. वाचकांनी तिला फारसा प्रतिसाद दिला नाही.

ॲमेझॉनचे किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत ३९९ डॉलरला विक्रीस आले आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. तेही लिनक्सवरच चालत होते. फरक होता तो दुकानाचा. किंडलमध्ये मोबाइलच्या जाळ्याची जोडणी आधीच घातलेली होती. संगणक नसला तरी यंत्रातूनच ॲमेझॉनच्या भांडारात जाता येई आणि पुस्तक मिनिटभरात हाती पडे. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये ॲमेझॉनचे प्रमुख जेफ बेझोस यांनी बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत, आपण ही यंत्रे उत्पादनखर्चाच्या किमतीतच विकतो, असे जाहीरपणे सांगितले. नफा यंत्रावर नव्हे, तर त्यावर होणाऱ्या खरेदीवर मिळवायचा, असा हा आडाखा होता.

येथे ऑपरेटिंग सिस्टीमचे महत्त्व कळते. यंत्रावर नफा न घेणाऱ्या कंपनीला त्या यंत्रात दुसऱ्याचे दुकान मांडू देणे परवडत नाही. प्रणाली स्वतःची असली की कोणते ॲप चालेल, कोणत्या स्वरूपातील पुस्तक उघडेल आणि मुखपृष्ठावर कोणती जाहिरात झळकेल, हे सारे कंपनीच ठरवू शकते. लिनक्सचा मूळ भाग मुक्त असल्याने त्याची संहिता खुली ठेवावी लागते. मात्र त्यावरचा वाचनाचा आणि खरेदीचा थर कंपनीच्याच ताब्यात राहतो.

फुकटच्या अँड्रॉइडची किंमत

अमेरिकेतील बार्न्स अँड नोबल या ग्रंथविक्रेत्या साखळीने २००९ मध्ये 'नूक' हे यंत्र आणताना दुसरी वाट धरली. पुस्तके विकणाऱ्या या कंपनीने प्रणाली घडवण्यात वर्षे न घालवता तयार अँड्रॉइड घेतले. मात्र त्यातील गुगलचे ॲप-भांडार वगळून आपले दुकान बसवले. यंत्र लवकर बाजारात आले, पण दोन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली अडचण न्यायालयातील. अँड्रॉइडमध्ये आपल्या पेटंटचा भंग होतो, असा दावा मायक्रोसॉफ्टने मार्च २०११ मध्ये बार्न्स अँड नोबलवर लावला. एप्रिल २०१२ मध्ये तडजोड झाली आणि मायक्रोसॉफ्टने नूकच्या व्यवसायात ३० कोटी डॉलर गुंतवण्याचे ठरवले. दुसरी अडचण ग्राहकांकडून आली. तंत्र जाणणाऱ्यांनी नूकवरील बंधने काढून त्यावर चक्क प्रतिस्पर्ध्याचे, किंडलचे ॲप चालवले. अखेर मे २०१३ मध्ये कंपनीने स्वतःच नूक एचडी टॅब्लेटवर गुगलचे ॲप-भांडार खुले केले. दुसऱ्याच्या प्रणालीवर स्वतःचे कुंपण घालणे किती अवघड आहे, याचे हे उदाहरण आहे.

ॲमेझॉननेही २०११ मध्ये किंडल फायर या रंगीत टॅब्लेटसाठी अँड्रॉइडच घेतले. त्याने मात्र गुगलचा भाग काढून तेथे स्वतःचे पुस्तकांचे, चित्रपटांचे आणि ॲपचे भांडार बसवले. गुगलच्या खर्चाने तयार झालेल्या पायावर गुगलच्याच स्पर्धकाचे दुकान उभे राहिले.

चीनमधील ऑनिक्स या कंपनीचा 'बूक्स' हा यंत्रसंच याच्या अगदी उलट धोरणावर चालतो. तिचा आधार कोणत्याही एका पुस्तक-भांडारावर नाही, म्हणून ती आपल्या यंत्रांत अँड्रॉइड मोकळे ठेवते. ग्राहकाने किंडलचे ॲप घ्यावे, गुगलचे घ्यावे किंवा एखाद्या मराठी विक्रेत्याचे. कंपनीची कमाई यंत्राच्या किमतीतून होत असल्याने तिला कुंपणाची गरज नाही. बॅटरी लवकर उतरणे ही या मोकळेपणाची दुसरी बाजू.

जिंतूर आणि पूर्णेची कसोटी

मराठी वाचकाच्या दृष्टीने या निवडीचा सर्वांत जवळचा परिणाम लिपीवर होतो. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत देवनागरी शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. 'जि' लिहिताना आधी 'ज' आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी 'ज'च्या आधी दिसायला हवी. 'पूर्णा' या शब्दात 'र' आधी साठवला जातो, पण रफाराच्या रूपाने तो 'णा'च्या डोक्यावर बसायला हवा. अक्षरांची ही मांडणी करणारी यंत्रणा ऑपरेटिंग सिस्टीममध्ये किंवा वाचनाच्या ॲपमध्ये असावी लागते.

ती नसली तर काय होते, हे परभणी जिल्ह्याच्या नकाशावरूनच सांगता येईल. 'परभणी', 'पाथरी', 'मानवत' ही नावे ठीक दिसतील, कारण त्यांत रफार नाही, जोडाक्षर नाही, मागे सरकणारी वेलांटी नाही. 'जिंतूर'ची वेलांटी मात्र भलत्या जागी जाईल आणि 'पूर्णा'चा रफार मोडून 'र' खाली पाय मोडलेल्या अवस्थेत उभा राहील. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर मराठी संकेतस्थळ उघडलेल्यांना हा अनुभव आठवत असेल.

ही उणीव दूर करण्याचे तंत्र जगात उपलब्ध होते. ते केव्हा घालायचे, हा खर्चाचा आणि अपेक्षित ग्राहकसंख्येचा निर्णय होता. आपली प्रणाली आपल्याच ताब्यात ठेवणाऱ्या कंपनीच्या यादीत मराठी ज्या क्रमांकावर असेल, त्या क्रमांकाची वाट पाहण्यावाचून वाचकाला गत्यंतर नसते. किंडलची अधिकृत विक्री भारतात ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झाली. मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांतील पुस्तकांचे दालन त्याने डिसेंबर २०१६ मध्ये उघडले. या दोन घटनांत चार वर्षांहून अधिक काळ गेला.

या वाट पाहण्यावर उपायही निघाला होता. नोकियात काम केलेल्या दोघांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'न्यूजहंट'ने फोनमधील प्रणालीवर विसंबून न राहता भारतीय अक्षरे दाखवण्याची सोय आपल्या ॲपमध्येच केली. त्यामुळे मराठी न येणाऱ्या साध्या फोनवरही मराठी बातम्या वाचता आल्या. २०१५ मध्ये 'डेलीहंट' झालेल्या याच सेवेने काही काळ भारतीय भाषांतील ई-पुस्तकेही विकली.

दुसऱ्याच्या वाड्यात दुकान

आपले यंत्र काढण्याचा प्रयत्न भारतातही झाला. अहमदाबादच्या इन्फिबीमने २०१० मध्ये 'पाय' हे वाचनयंत्र ९,९९९ रुपयांना आणले. परंतु यंत्राचा खर्च पुस्तकांच्या विक्रीतून भरून काढायचा तर भांडार प्रचंड असावे लागते. तसे भांडार हाती नसताना परदेशी कंपनीशी किमतीत टक्कर देणे अवघड असते. पुढे इन्फिबीमचा मुख्य व्यवसाय ऑनलाइन देयक सेवेकडे वळला आणि 'पाय' मागे पडले.

मराठी ग्रंथव्यवहाराने यंत्राच्या भानगडीत न पडता ॲपचा मार्ग पत्करला. पुण्याच्या बुकगंगाने छापील पुस्तकांबरोबर मराठी ई-पुस्तकांची विक्री सुरू केली आणि वाचनासाठी स्वतःचे ॲप दिले. वाचकाच्या खिशात फोन आधीच असल्याने यंत्राचा खर्च वाचला. एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलेल्या किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात केवळ वाचनासाठी एवढी रक्कम वेगळी काढणे सोपे नाही. ई-पुस्तके वाचण्याचे साधन म्हणून येथे मोबाइल पुढे आहे, यात आश्चर्य नाही.

पण ॲप म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यात भाड्याने घेतलेला गाळा. आयफोनवर ॲपमधून डिजिटल वस्तू विकली की ॲपल ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेई. ते देण्यापेक्षा ॲमेझॉनने २०११ मध्ये आयफोनवरील किंडल ॲपमधून खरेदीची सोयच काढली. गुगलने आपलीच देयक पद्धत वापरण्याचा आग्रह धरल्यावर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरील किंडल ॲपबाबतही तसेच केले. ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीवर ही वेळ येते, तर तुटपुंज्या नफ्यावर चालणाऱ्या मराठी प्रकाशकाचे काय, याची कल्पना करता येईल.

भारतीय स्पर्धा आयोगाने याच देयक धोरणाबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. ऑपरेटिंग सिस्टीमचा मालक त्यावरील व्यापाराचे नियम कुठवर ठरवू शकतो, हा वाद यानिमित्ताने भारतातही अधिकृतपणे चर्चिला गेला.

लेखकाच्या वाट्यालाही अटी येतात. ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन योजनेत भारतातील विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल, तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट'मध्ये द्यावे लागते. म्हणजे ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत त्याची ई-आवृत्ती अन्यत्र विकता येत नाही. ही अट नको असेल तर मानधन ३५ टक्क्यांवर येते.

दुकान बंद झाले तर?

जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी अनेक किंडल यंत्रांमधून ॲमेझॉनने दूर बसून पुसून टाकली. ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पण विकलेले पुस्तक वाचकाच्या यंत्रातून परत काढून घेता येते, हे यामुळे जगाला कळले. बेझोस यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

भारतात फ्लिपकार्टने आपला ई-पुस्तकांचा व्यवसाय डिसेंबर २०१५ मध्ये बंद केला आणि ग्राहकांची पुस्तके कोबो या कंपनीकडे सोपवली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये पुस्तक-भांडार बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली; ग्राहकांना पैसे परत मिळाले, पुस्तके नाहीत. ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोय बंद केली. आंतरजालाची जोडणी जेथे भरवशाची नाही, तेथे अशी सोय जाणे अधिक जाचक ठरते.

गावच्या ग्रंथालयाचा प्रश्न याला जोडूनच येतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदानाची व्यवस्था मिळाली. तेथे आलेली छापील कादंबरी शंभर जण वाचतात आणि त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तकाचे तसे नाही. किंडलची पुस्तके ग्रंथालयामार्फत वाचायला देण्याची सोय अमेरिकेत २०११ पासून आहे. भारतातील ग्रंथालयांना ती नाही. गंगाखेडच्या ग्रंथालयाने वाचनयंत्र विकत घेतले, तरी त्यातील पुस्तके ते कपाटातील पुस्तकांप्रमाणे फिरवू शकणार नाही.

खुल्या स्वरूपाचा आधार

यातून सुटण्याचा मार्ग यंत्रापेक्षा पुस्तकाच्या स्वरूपात आहे. 'ईपब' हे २००७ पासूनचे खुले मानक आहे आणि त्यावर एका कंपनीची मालकी नाही. कोबो, पॉकेटबुक, अँड्रॉइड, आयफोन, संगणक सगळीकडे ते चालते. किंडलवरही २०२२ पासून अशी धारिका पाठवून वाचता येते. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात, हा त्याचा विशेष.

मराठीत मात्र विनामूल्य वाचनाचा मोठा भाग पीडीएफमध्ये आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची संकेतस्थळावरील पुस्तके असोत किंवा ई साहित्य प्रतिष्ठानची, पीडीएफमुळे ती कोणत्याही प्रणालीवर उघडतात, हा मोठाच लाभ. परंतु पान छापील आकारात गोठलेले असल्याने सहा इंचांच्या पडद्यावर अक्षर बारीक होते आणि प्रत्येक ओळ आडवी सरकवत वाचावी लागते. त्यातच अनेक प्रकाशकांकडील जुन्या धारिका श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व अक्षरसंचांत आहेत. त्यांचे रूपांतर करून पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. हे काम कष्टाचे असले तरी एकदाच करावे लागते आणि नंतर कोणत्याही कंपनीच्या प्रणालीवर अवलंबून राहावे लागत नाही.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे; वसंतराव नाईक यांचे नाव त्याला २०१३ मध्ये देण्यात आले. पीक संरक्षणाची पुस्तिका असो वा बी. रघुनाथांची कविता, सार्वजनिक संस्थेने ती पीडीएफबरोबर ईपबमध्येही दिली, तर स्वस्त फोनवरही ती मोठ्या अक्षरात वाचता येईल.

घेण्यापूर्वी पाहावे असे

वाचनयंत्र घेताना पडद्याची आणि साठवणक्षमतेची चौकशी सगळेच करतात. त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. दुसऱ्या दुकानातून घेतलेले किंवा मोफत मिळालेले ईपब पुस्तक या यंत्रात घालता येते का? यंत्रात दुसरे वाचन-ॲप बसवता येते का? आपण घेतलेल्या पुस्तकाला डिजिटल कुलूप आहे का? कुलूप न लावता विकण्याची मुभा किंडलसह बहुतेक ठिकाणी लेखक-प्रकाशकांना असते; ती त्यांनी वापरली आहे की नाही, हे पाहावे. आणि दुकानातच एखादे मराठी पान उघडून 'जिंतूर', 'पूर्णा' आणि 'दुसऱ्या' हे तीन शब्द नीट दिसतात का, हे तपासावे. तिसऱ्या शब्दातील अर्धा 'र' मराठीच्या खास वळणाने उमटला, तर त्या कंपनीने मराठीकडे लक्ष दिले आहे, असे समजायला हरकत नाही.

प्रकाशकांसाठी सूचना एकच. किंडल, गुगल, बुकगंगा अशा सर्व ठिकाणी पुस्तक जरूर द्यावे. मात्र त्याची युनिकोडमधील, कुलूप नसलेली मूळ धारिका आपल्याकडे जपून ठेवावी. पुढे एखादे दुकान किंवा एखादी प्रणाली बंद पडली, तर तेच पुस्तक दुसरीकडे पुन्हा देता येईल.